जुने घर ‘आहे त्या स्थितीत’ विकताना : माहीत असलेले छुपे दोष लेखी कसे कळवावेत

जुनी सदनिका किंवा बंगला विकताना खरेदीखतात एक कलम जवळपास न चुकता येते. ‘सदर मिळकत लिहून घेणार यांनी प्रत्यक्ष पाहून, तिच्या सद्यःस्थितीबद्दल स्वतःची खात्री करून घेऊन, आहे त्या स्थितीत खरेदी केली असून, त्याबाबत लिहून घेणार यांची भविष्यात कोणतीही तक्रार राहणार नाही,’ अशी त्याची ठरलेली शब्दरचना असते. (दस्तांच्या भाषेत ‘लिहून घेणार’ म्हणजे खरेदीदार आणि ‘लिहून देणार’ म्हणजे विक्रेता.) हे वाक्य दस्तात आले की घराच्या दोषांबद्दलची आपली जबाबदारी संपली, असे बहुतेक विक्रेते अगदी मनापासून मानतात. दस्तांचे मसुदे करताना हा समज मला इतक्या वेळा भेटला आहे, आणि त्यापायी चांगल्या माणसांना वर्षानुवर्षे कोर्टाची पायरी चढावी लागल्याचे इतके जवळून पाहिले आहे, की विक्रेत्याने नेमके काय करावे हे क्रमाने लिहून काढणे मला आवश्यक वाटते.

हे कलम निरुपयोगी आहे असे नाही. भिंतीला गेलेला उघडा तडा, जुनाट फरशी, मोडकी खिडकी, गळका नळ अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींबद्दल, तसेच विक्रेत्यालाही ठाऊक नसलेल्या दोषांबद्दल ते विक्रेत्याच्या बाजूने भक्कम उभे राहते. मात्र जो दोष विक्रेत्याला माहीत आहे, खरेदीदाराला माहीत नाही आणि साध्या पाहणीत त्याला कळणारही नाही, त्याच्यावर या कलमाचे पांघरूण घालता येईल या भरवशावर कोणीही राहू नये. पुढील विवेचन महाराष्ट्रातील पुनर्विक्रीच्या घरांना धरून आहे. गोव्यात जिथे वेगळेपण आहे तिथे तसे नमूद केले आहे.

कायदा काय मागतो

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याचे कलम ५५ हे या विषयाचे मूळ आहे. त्यातील पहिल्या परिच्छेदाच्या खंड (अ) नुसार मिळकतीतील किंवा विक्रेत्याच्या मालकी हक्कातील कोणताही महत्त्वाचा दोष, जो विक्रेत्याला माहीत आहे आणि खरेदीदाराला माहीत नाही, तसेच जो खरेदीदाराला सर्वसाधारण काळजी घेऊनही शोधता येणार नाही, तो खरेदीदाराला उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. त्यापुढचे दोन खंडही तितकेच महत्त्वाचे आहेत: खरेदीदाराने मागितल्यास मालकी हक्काची सर्व कागदपत्रे तपासणीसाठी दाखवणे, आणि मिळकतीबद्दल किंवा हक्काबद्दल त्याने विचारलेल्या सर्व संबंधित प्रश्नांना आपल्या माहितीप्रमाणे खरी उत्तरे देणे.

याच कलमाच्या शेवटी एक छोटे वाक्य आहे, आणि विक्रेत्यांनी खरे तर ते आधी वाचायला हवे. असा दोष उघड न करणे हे कपट समजले जाईल, असे ते वाक्य सांगते. एरवी भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम १७ नुसार नुसते गप्प बसणे म्हणजे कपट होत नाही; पण जिथे बोलणे हे कर्तव्य आहे तिथे गप्प बसणे कपट ठरू शकते, आणि कायद्याने जी कृती किंवा जे वगळणे खास कपट म्हणून घोषित केले आहे तेही त्याच कलमात येते. ही दोन्ही कलमे एकत्र वाचली की ‘त्यांनी विचारले नाही, म्हणून मी सांगितले नाही’ या बचावाला फारसा आधार उरत नाही.

कलम ५५ ची सुरुवात ‘विरुद्ध करार नसल्यास’ अशा अर्थाच्या शब्दांनी होते, हे खरे आहे. त्यावर बोट ठेवून काही जण म्हणतात की ‘आहे त्या स्थितीत’ हाच तो विरुद्ध करार. माझ्या मते हा युक्तिवाद धोक्याचा आहे. खरेदीदाराने एखादा दोष माहीत असून स्वीकारला तर तो करार झाला. जे त्याला ठाऊकच नाही आणि जे मुद्दाम दडवले गेले, त्याला त्याने संमती दिली असे म्हणता येत नाही. म्हणून जो दोष कराराबाहेर ठेवायचा आहे, त्याचे नाव करारात यायला हवे. पुढच्या साऱ्या पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पहिली पायरी : घराची माहिती स्वतः गोळा करणे

जाहिरात देण्याआधी आणि दलालाला चावी देण्याआधी एक वही घेऊन घरात अर्धा दिवस काढावा. आपण ज्या घरात पंधरा वर्षे राहिलो त्याचे दोष आपल्या नजरेला सरावलेले असतात, त्यामुळे खोलीखोलीतून फिरताना ‘गेल्या पावसाळ्यात इथे काय झाले होते’ हा प्रश्न प्रत्येक भिंतीला विचारावा. बाथरूमची सामाईक भिंत, खिडक्यांखालचा भाग, गच्चीखालचा स्लॅब, स्वयंपाकघराच्या ओट्याखालची जागा, पोटमाळा आणि पाइपच्या डक्टला लागून असलेली भिंत या जागा आधी पाहाव्यात. भिंतीवर पांढरी भुकटी म्हणजे लोणा धरलेला दिसतो का, रंगाचे फुगे येतात का, आणि बोटाच्या पेराने ठोकल्यावर गिलावा पोकळ वाजतो का, हे तपासावे. मुंबई, ठाणे आणि कोकण किनाऱ्यावरील जुन्या इमारतींमध्ये खारट, दमट हवेमुळे स्लॅबमधील सळ्या गंजतात. गंजलेली सळी फुगते आणि तिच्याखालचे काँक्रीट पोपड्यासारखे सुटून पडते. असा पोपडा एकदा पडल्यावर आपण तो भरून घेतला असेल, तर तो दुरुस्त झाला असला तरी ती माहिती वहीत यायला हवी, कारण शेजारचीच सळी आत गंजत असण्याची शक्यता असते.

बंगला किंवा रो-हाऊस असेल तर यादी वेगळी होते. विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राच्या मोठ्या भागात काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया उथळ असेल तर भिंतींना दरवर्षी तिरपे तडे जातात. हे तडे दिवाळीपूर्वी लांबीने बुजवून रंगवले की डिसेंबरमध्ये येणाऱ्या गिऱ्हाइकाला काहीच दिसत नाही. बोअरवेल मार्चनंतर आटते का, शौचालयाची टाकी तुंबते का, वाळवीसाठी औषध मारावे लागले होते का, हेही लिहावे. पुराचा इतिहास तर सर्वांत आधी लिहावा. सांगली आणि कोल्हापूर भागात २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी, तसेच चिपळूणमध्ये जुलै २०२१ मध्ये ज्यांच्या घरात पाणी शिरले, त्यांच्या घरांवरील पाण्याची रेघ रंगाखाली गेली तरी ती घटना मिळकतीच्या किमतीशी थेट जोडलेली आहे. निळी पूररेषा साधारणतः २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल पूररेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा दाखवते. आपली मिळकत या रेषांच्या आत असेल तर पुढे बांधकाम परवानगीवरही परिणाम होतो, म्हणून ते कळवणे आवश्यक आहे.

यानंतर कागद. सोसायटीशी झालेला पत्रव्यवहार, वार्षिक सभेची इतिवृत्ते, महापालिकेच्या नोटिसा, दुरुस्तीची बिले आणि वॉटरप्रूफिंगच्या ठेकेदाराने दिलेली हमीपत्रे एका फाइलमध्ये तारखेच्या क्रमाने लावावीत. हे करताना एक गोष्ट लक्षात ठेवावी: तीन वर्षांपूर्वी सोसायटीला ‘वरच्या मजल्यावरून गळती होते’ असे पत्र आपणच दिले असेल, तर आपल्याला दोष माहीत होता याचा तो सर्वांत पक्का पुरावा आहे, आणि तो सोसायटीच्या दप्तरात कायम राहणार आहे.

दुसरी पायरी : महत्त्वाचा दोष कोणता हे ठरवणे

प्रत्येक खरचटा सांगण्याची गरज नाही. कसोटी अशी लावावी: ही गोष्ट आधी कळली असती तर सर्वसाधारण समजदार खरेदीदाराने हे घर घेतलेच नसते, किंवा वेगळ्या किमतीला घेतले असते, असे म्हणणे रास्त ठरेल का? उत्तर होकारार्थी असेल तर तो दोष महत्त्वाचा. उत्तराबद्दल शंका असेल तर तोही महत्त्वाचाच धरावा, कारण एक ओळ जास्त लिहिल्याने कोणावर दावा होत नाही.

या कसोटीवर विक्रेत्यांकडून हमखास सुटणाऱ्या काही गोष्टी इथे थोड्या विस्ताराने सांगायला हव्यात. पहिली म्हणजे इमारतीची संरचनात्मक स्थिती. सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरील इमारतीची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी व्हायला हवी. मुंबईत ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतींना महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब खाली स्थैर्य प्रमाणपत्र द्यावे लागते. अशा तपासणीचा अहवाल आला असेल आणि मुंबईत इमारत ‘सी-१’ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडण्याजोगी, ‘सी-२ ए’ म्हणजे अंशतः रिकामी करून मोठी दुरुस्ती करण्याजोगी किंवा ‘सी-२ बी’ म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती करण्याजोगी ठरली असेल, तर आपल्या सदनिकेच्या भिंती कितीही ठणठणीत असोत, तो दोष आपल्या मिळकतीचाच आहे. खरेदीदार सोसायटीचा सभासद नसल्यामुळे सभेत वाचला गेलेला अहवाल त्याला कळण्याचा सहज मार्ग नसतो.

दुसरी गोष्ट सभेतील ठरावांची. मोठ्या दुरुस्तीसाठी प्रत्येक सभासदाकडून ठराविक रक्कम गोळा करण्याचा ठराव झाला असेल पण मागणीची बिले अजून निघाली नसतील, तर सोसायटीचे ‘थकबाकी नाही’ हे पत्र अगदी खरे असूनही खरेदीदाराच्या डोक्यावर काही लाखांचा बोजा येऊ शकतो. पुनर्विकासाची बोलणी, विकासकाशी झालेला वाद किंवा इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्यास योग्य असल्याचा दाखला) नसणे याही गोष्टी याच वर्गातल्या.

तिसरी गोष्ट घरात केलेल्या बदलांची आहे. बाल्कनी खोलीत घेतली, दोन खोल्यांमधली भिंत काढली, ड्राय बाल्कनीत बाथरूम केले आणि त्याची परवानगी घेतली नाही, असे महाराष्ट्रातल्या शहरांत घरोघरी आढळते. खरेदीदाराला मोठा हॉल दिसतो. मंजूर नकाशात तिथे भिंत होती, हे दिसत नाही. अनधिकृत बांधकामाबद्दल महापालिकेची नोटीस आली असेल तर ती दाखवलीच पाहिजे. नोटीस आली नसली तरी बदल विनापरवाना आहे हे कळवावे, आणि तोडलेली भिंत भार पेलणारी असण्याची शंका असेल तर संरचना अभियंत्याला दाखवूनच पुढे जावे.

पार्किंगबद्दल एकच सांगतो. बिल्डरला स्टिल्टमधली किंवा उघडी पार्किंगची जागा सदनिकेसारखी स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील सदनिका मालकी कायद्याच्या संदर्भात २०१० मध्ये स्पष्ट केले. तेव्हा आपल्याकडे सोसायटीचे वाटपपत्र असेल तर ‘वाटप केलेली जागा’ असेच लिहावे. ‘मालकीची’ हा शब्द टाळावा.

हक्कातील दोषही याच कलमाखाली येतात. बँकेचे कर्ज, न्यायप्रविष्ट वाद, भावंडांचा न सुटलेला हिस्सा, तोंडी ठेवलेला भाडेकरू, किंवा वडिलांच्या पश्चात केवळ नामनिर्देशनाच्या आधारे सोसायटीच्या भाग दाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) चढलेले नाव, हे सर्व कळवावे लागते. नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक नव्हे, आणि इतर वारसांची सही नसेल तर तो खरा दोष आहे. गोव्यात जुनी घरे विकताना विवाहामुळे पती-पत्नींची मालमत्ता सामाईक ठरते का आणि जोडीदाराची सही लागते का, तसेच जागेवर १९७५ च्या मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर मालकाच्या संमतीने घर करून राहणारा) संरक्षण कायद्याखाली कोणाचा हक्क आहे का, हे दोन प्रश्न विक्रेत्याने स्वतःहून सोडवून मगच गिऱ्हाईक शोधावे.

घरात कोणाचा अपमृत्यू झाला असेल तर तो सांगावा का, असे बरेच जण हळू आवाजात विचारतात. कायद्याचे शब्द मिळकतीतील आणि हक्कातील दोषाबद्दल आहेत, त्यामुळे अशी घटना स्वतःहून सांगण्याचे बंधन त्या शब्दांतून सरळ निघत नाही. पण खरेदीदाराने थेट विचारले तर खोटे उत्तर देऊ नये, हा माझा ठाम सल्ला आहे. खोटे उत्तर हे मौनापेक्षा फार वेगळे असते.

तिसरी पायरी : झाकण्यासाठी रंग लावू नये

यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण सर्वाधिक नुकसान इथे होते. विक्रीपूर्वी घर नीटनेटके करणे वेगळे आणि ओल दिसू नये म्हणून तेवढीच भिंत रंगवणे, गळक्या स्लॅबखाली पीओपीचे छत लावणे किंवा लोणा धरलेल्या भागावर पीव्हीसीचे पॅनेल ठोकणे वेगळे. करार अधिनियमाच्या कलम १७ मध्ये वस्तुस्थिती सक्रियपणे दडवणे हे कपटाचे स्वतंत्र रूप म्हणून आलेले आहे. कलम १९ मध्ये विक्रेत्याला उपयोगी पडणारा एक अपवाद आहे: चुकीच्या निवेदनामुळे किंवा कपटी मौनामुळे संमती मिळाली असली, तरी खरेदीदाराला सर्वसाधारण दक्षतेने सत्य शोधण्याचे साधन उपलब्ध असेल तर करार रद्द करण्याजोगा राहत नाही. हा अपवाद चुकीचे निवेदन आणि मौन यांच्यापुरताच आहे. ज्याने स्वतःच्या हाताने भिंत रंगवून सत्य शोधण्याचे साधनच पुसून टाकले, त्याला ‘तुम्ही नीट पाहायला हवे होते’ असे म्हणण्याची सोय उरत नाही.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एका परिचितांबरोबर त्यांनी पसंत केलेला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट पाहायला गेलो होतो. सगळ्या घराचा रंग दहाएक वर्षांचा, बटणांच्या पाट्यांभोवती हातांचे काळसर डाग पडलेले. फक्त मागच्या खोलीची एक भिंत पांढरीशुभ्र आणि खोलीत ताज्या डिस्टेंपरचा वास. कपाट थोडे सरकवले तर स्कर्टिंगच्या वर मिठासारखी बारीक पांढरी भुकटी साठली होती आणि तिथेच नाण्याने ठोकल्यावर भिंत ढब वाजली. घराच्या मालकीणबाई सत्तरीच्या होत्या. मी विचारले, “काकू, या भिंतीला काय झालं होतं?” त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “वरच्यांच्या बाथरूमचं पाणी आहे हो. तीन वर्षं सोसायटीला पत्रं देतेय. एजंट म्हणाला, रंग मारून घ्या, म्हणजे कोणी विचारणार नाही.” त्यांनी ती पत्रे काढून दाखवली. ठेकेदाराकडून दुरुस्तीचा अंदाज आणवला, तेवढी रक्कम किमतीतून कमी झाली, गळतीची हकिकत साठेखतात (खरेदीखताआधी होणाऱ्या विक्रीच्या करारात) आली आणि व्यवहार झाला. त्या दिवशी कपाट सरकवले गेले नसते, तर जुलैमध्ये तीच भिंत पुन्हा ओली झाली असती आणि काकूंची तीन पत्रे त्यांच्याच विरुद्ध उभी राहिली असती.

दुरुस्ती करायचीच असेल तर मुळापासून करावी, तिचे बिल आणि हमीपत्र ठेवावे, आणि तरीही ‘अमुक वर्षी गळती होती, अमुक तारखेला दुरुस्ती केली’ असे कळवावे. एका पावसाळ्याची परीक्षा न झालेल्या वॉटरप्रूफिंगबद्दल ‘गळती पूर्ण बंद झाली आहे’ असे कधीही लिहून देऊ नये.

चौथी पायरी : दोषपत्र तयार करणे आणि विसार घेण्याआधी देणे

आता वहीतल्या नोंदींवरून एक स्वतंत्र पत्र तयार करावे. त्याला ‘मिळकतीच्या स्थितीबाबत विक्रेत्याचे निवेदन’ असे साधे नाव द्यावे. भाषा वकिली नसली तरी चालेल, नेमकी मात्र हवी. ‘घर जुने असल्याने किरकोळ दुरुस्त्या असू शकतात’ हे वाक्य काहीच सांगत नाही, त्यामुळे ते कोणाचे रक्षणही करत नाही. त्याऐवजी असे लिहावे:

‘सदर सदनिकेच्या पूर्वेकडील शयनगृहाच्या उत्तर भिंतीस, वरील मजल्यावरील सदनिकेच्या स्नानगृहातून सुमारे २०२१ पासून ओल येत आहे. ही ओल बाराही महिने असते व पावसाळ्यात वाढते. याबाबत लिहून देणार यांनी सोसायटीस तीन पत्रे दिली असून त्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. गळतीच्या मूळ ठिकाणी आजपर्यंत दुरुस्ती झालेली नाही. दिनांक अमुक रोजी भिंतीच्या आतील बाजूस रंग देण्यात आला असून त्यामुळे ओलीचे डाग सध्या दिसत नाहीत.’

यात जागा, कारण, काळ, केलेले प्रयत्न आणि आजची स्थिती आहे. कारण नक्की माहीत नसेल तर ‘कारण माहीत नाही’ असे लिहावे, अंदाज खात्रीच्या भाषेत मांडू नये. खरेदीदाराने वेगळे प्रश्न विचारले तर तेही लेखी मागवावेत आणि लेखी उत्तरे द्यावीत. जिथे खरोखर ठाऊक नसेल तिथे ‘मला माहिती नाही’ हे पूर्ण प्रामाणिक आणि कायद्याला मान्य असणारे उत्तर आहे.

वेळेचे महत्त्व शब्दांइतकेच आहे. खरेदीदाराने विसार दिला, बँकेकडून कर्ज मंजूर करून घेतले, राहते घर सोडायची नोटीस दिली, आणि मग दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सहीच्या रांगेत उभे असताना त्याच्या हातात दोषांचे पत्र ठेवणे, याला मी कळवणे म्हणणार नाही. निवेदन विसारापूर्वी द्यावे, त्याच्या प्रत्येक पानावर खरेदीदाराची सही व तारीख घ्यावी, आणि फोटोंसह तेच निवेदन त्याच्या ई-मेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवावे. त्याला स्वतःचा अभियंता आणून तपासणी करायला दिवस द्यावेत आणि ती संधी दिल्याची नोंदही ठेवावी.

निवेदन खरेदीदाराला थेट द्यावे, केवळ दलालामार्फत नव्हे. करार अधिनियमाच्या कलम २३८ नुसार आपल्या एजंटाने व्यवहाराच्या ओघात केलेली खोटी निवेदने आपणच केल्यासारखी धरली जातात. त्याने जाहिरातीत ‘चोवीस तास पाणी, गळतीमुक्त’ असे छापले आणि उन्हाळ्यात टँकर येत असेल, तर त्याचा जाब विक्रेत्याला द्यावा लागू शकतो. जाहिरातीचा मजकूर छापण्याआधी स्वतः वाचावा.

पाचवी पायरी : साठेखत आणि खरेदीखतात कलम बसवणे

निवेदन दस्ताला परिशिष्ट म्हणून जोडावे, म्हणजे नोंदणीनंतर ते नाकारता येत नाही. मूळ कलमाचा मजकूर त्यानुसार बदलावा. उदाहरणार्थ: ‘परिशिष्ट “क” मध्ये नमूद केलेले दोष लिहून देणार यांनी साठेखतापूर्वी लेखी कळविले असून, ते समजून व विचारात घेऊन उभयतांनी मोबदल्याची रक्कम ठरविली आहे. सदर दोष व प्रत्यक्ष पाहणीत दिसणारी स्थिती यांसह लिहून घेणार यांनी सदर मिळकत आहे त्या स्थितीत स्वीकारली आहे. परिशिष्टात नमूद केलेल्या दोषांव्यतिरिक्त कोणताही महत्त्वाचा दोष लिहून देणार यांच्या माहितीत नाही.’ शेवटचे वाक्य लिहिताना हात थांबला, तर परिशिष्टात एखादी ओळ राहून गेली आहे असे समजावे.

खर्चाची वाटणीही इथेच स्पष्ट करावी. आदर्श उपविधींनुसार बाहेरून येणारी पावसाची गळती आणि सामाईक पाइपांची गळती दुरुस्त करणे ही सोसायटीची, तर सदनिकेच्या आतील शौचालय, सिंक यांची गळती ही त्या सभासदाची जबाबदारी असते. तेव्हा कोणत्या गळतीचा पाठपुरावा पुढे कोण करणार, हे दस्तात असावे.

साठेखत आणि खरेदीखत यांच्यात दोन-तीन महिने जातात. या काळात मिळकतीची समजदार मालकाप्रमाणे काळजी घेणे कलम ५५ नेच विक्रेत्यावर टाकले आहे. मध्येच स्लॅबचा तुकडा पडला, नोटीस आली किंवा सभेत नवा ठराव झाला तर पुरवणी निवेदन त्याच दिवशी पाठवावे.

काही वेगळ्या परिस्थिती

पुण्यातला आई-वडिलांचा फ्लॅट अमेरिकेत किंवा आखातात राहणारी मुले विकतात, आणि ‘आम्ही तिथे राहिलोच नाही, आम्हाला दोष कसे ठाऊक असणार’ असे म्हणतात. कायद्याची अट विक्रेत्याला माहिती असण्याची आहे हे खरे, पण कुलमुखत्यारपत्र घेतलेले काका दर आठवड्याला त्या घरात जाऊन बादली ठेवून येत असतील, तर करार अधिनियमाच्या कलम २२९ च्या तत्त्वानुसार कामाच्या ओघात त्यांना झालेली माहिती ही मालकालाच झालेली धरली जाऊ शकते. अशा विक्रेत्यांनी काकांशी आणि शेजाऱ्यांशी सविस्तर बोलून, वडिलांच्या फायली उघडून, निवेदनात आपण कधीपासून तिथे राहत नाही आणि माहिती कोणाकडून घेतली हेही लिहावे.

घर नवे असेल, म्हणजे ताबा मिळून पाच वर्षे झाली नसतील, तर स्थावर संपदा अधिनियम, २०१६ याचे कलम १४(३) आठवावे. बांधकामातील किंवा संरचनेतील दोष या मुदतीत कळवल्यास विकासकाने ३० दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करायचा असतो, आणि पुनर्विक्रीने घेणाराही या कायद्याच्या व्याख्येत ‘वाटपग्राही’ म्हणून बसतो. म्हणून दोष कळवताना विकासकाशी झालेला पत्रव्यवहारही सोपवावा. त्याने खरेदीदाराची चिंता पुष्कळ कमी होते.

बँकांच्या लिलावात ‘जसे आहे, जेथे आहे’ ही अट ठळक छापलेली असते. तिथेही सरफेसी कायद्याच्या (थकीत कर्जासाठी गहाण मिळकत विकण्याची मुभा बँकांना देणाऱ्या कायद्याच्या) २००२ च्या नियमांनुसार बँकेने आपल्याला माहीत असलेले बोजे विक्रीच्या नोटिशीत द्यायचे असतात. मात्र बँक त्या घरात कधी राहिलेली नसते, त्यामुळे भिंतींच्या आत काय आहे हे शोधण्याचा भार तिथे प्रत्यक्षात घेणाऱ्यावरच येतो.

न कळवल्यास काय होते

खरेदीदार व्यवहार रद्द करण्याचा किंवा नुकसानभरपाईचा दावा दिवाणी न्यायालयात लावू शकतो. अप्रामाणिकपणे वस्तुस्थिती दडवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्येही फसवणुकीचाच प्रकार मानला आहे, त्यामुळे प्रकरण पोलिसांत जाण्याची शक्यता नाकारता येत नाही. दाव्याची मुदत साधारणतः तीन वर्षांची असते, पण कपट असेल तेथे मुदत अधिनियम, १९६३ याच्या कलम १७ नुसार ती कपट उघडकीस आल्यापासून, किंवा वाजवी दक्षतेने ते उघडकीस येऊ शकले असते तेव्हापासून मोजली जाते. खरेदीखताला चार वर्षे झाली म्हणून विक्रेता सुटला असे होत नाही.

म्हणूनच ताबा देतानाचे शेवटचे काम नीट करावे. रिकाम्या घराचे, विशेषतः निवेदनात उल्लेख केलेल्या प्रत्येक जागेचे, तारीख दिसेल असे फोटो खरेदीदाराच्या उपस्थितीत काढावेत. ताबा पावतीवर परिशिष्टाचा उल्लेख करून दोघांनी सही करावी. हमीपत्रे, ठेकेदारांचे संपर्क आणि सोसायटीच्या पत्रव्यवहाराच्या मूळ प्रती पोच घेऊन त्याच्या हवाली कराव्यात, आणि त्या सर्वांची छायाप्रत, सही केलेले निवेदन व ई-मेलची छापील प्रत यांची फाइल आपल्या नव्या घराच्या कपाटात खरेदीखताच्या प्रतीशेजारी ठेवून द्यावी.